इंजिनातली उकड

मी तापट आहे हे आमच्या घरात सगळ्यांना मान्य आहे, मलासुद्धा. पण यंदाच्या उन्हाळ्यात माझ्याहून तापट कोणी निघालं असेल तर ती माझी चौदा वर्षांची गाडी. एप्रिलमध्ये नेरे गावाकडून परत येताना तिचा काटा लाल रेघेला टेकला, बॉनेटमधून वाफ यायला लागली आणि आम्ही नवरा-बायको रस्त्याकडेच्या चिंचेखाली तासभर बसून राहिलो. नवऱ्याने पहिल्या दहा मिनिटांत गाडी विकायचा विषय काढला. उरलेली पन्नास मिनिटं मी त्याच्याशी बोलले नाही.

आम्ही राहतो त्या विचुंब्याच्या नाक्यावर आमचा नेहमीचा गॅरेजवाला आहे. त्याने आत डोकावून सांगितलं की हेड गॅस्केट गेलंय. इंजिनाला खाली धड असतं आणि वर डोकं, आणि दोघांच्या मधे एक पातळ पत्र्याची गादी असते. ती जळली की गाडीला थंड ठेवणारं पाणी नको तिथे शिरतं. त्याच्याकडे कामाची रांग होती, महिन्याभराच्या आत हात लावता येणार नव्हता, आणि खरं सांगायचं तर एवढ्या जुन्या गाडीवर मेहनत करू नका असंच तो म्हणाला. माणूस भला, सल्लाही बरोबर होता. मी तो ऐकला नाही.

त्याचं कारण माझ्या वडिलांचे पाने. माझं माहेर उरणच्या खाडीकाठचं, कोळ्यांचं. वडिलांची स्वतःची बोट होती आणि इंजिन बिघडलं की ते किनाऱ्यावरच खोलून बसायचे. मी शेजारी उकिडवी बसून पाने द्यायचे. बाराचा म्हणाले की बाराचा, चौदाचा म्हणाले की चौदाचा, हात पुढे यायच्या आधी पाना तयार. वडील जाऊन नऊ वर्षं झाली. पान्यांची पत्र्याची पेटी भावाने मागितली नाही, मीही विचारलं नाही, सरळ उचलून आणली. न्हावा शेव्याला कंटेनरची कागदपत्रं करण्याच्या ऑफिसात मी तीस वर्षं बसलेय, पण हातांना ती पेटी अजून आठवते.

तीन रविवार मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीखाली आणि गाडीवर काढले. डोकं उतरवलं, पनवेलला लेथवाल्याकडे नेऊन सपाट घासून आणलं, नवीन गॅस्केट बसवलं. सुटे बोल्ट मसाल्याच्या डब्यातल्या वाट्यांमध्ये ठेवले होते, त्यावरून आईची बोलणी खाल्ली. नवरा टॉर्च धरायला होता. टॉर्च धरायची त्याची एक खास पद्धत आहे: मी जिथे बघतेय तेवढी जागा सोडून तो सगळीकडे उजेड पाडतो. आम्ही दोघं एकाच ऑफिसात होतो म्हणून आमचं अरे-तुरे आहे. त्या तीन रविवारी त्यातलं तुरे जरा जास्तच झालं.

तिसऱ्या रविवारी दुपारी चावी फिरवली आणि इंजिन एका दमात सुरू झालं. मी इतकी खूश झाले की ऑईलच्या हातांनी नवऱ्याचे गाल धरले. आई प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून बघत होती. ती उठली, काठी टेकत घरात गेली, हळद-कुंकू आणि नारळ घेऊन आली, आणि गाडीच्या नाकासमोर नारळ फोडून तिने बॉनेटवर पाणी शिंपडलं. इतकं साग्रसंगीत झाल्यावर कोणतीही गाडी लाजेकाजेस्तव तरी नीट चालली असती.

आता आईबद्दल सांगायला हवं, कारण पुढची सगळी धावपळ तिच्यासाठी होती.

आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आणि ती धवलारीण आहे. आमच्याकडे लग्नात भटजींचे मंत्र नंतर, आधी धवलारीण. ती मांडवात बसून धवला गाते. देवांना बोलावते, वाडवडलांना बोलावते, नात्यातल्या एकेकाचं नाव घेऊन त्याला मान देते. कागदावर एक ओळ नसते, सगळं तोंडात. आमच्या गावातल्या दोन पिढ्यांची लग्नं आईच्या आवाजात लागली. दोन वर्षांपूर्वी तिच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली, ती आमच्याकडे विचुंब्याला आली, आणि तेव्हापासून ती गायली नव्हती. घरात गुणगुणतसुद्धा नव्हती.

आणि आता माझ्या भावाच्या मुलीचं लग्न होतं. शनिवारी हळद.

सोमवारी रात्री भावाचा फोन आला तो प्रेमापोटीच. आईला एवढ्या उन्हात प्रवास झेपणार नाही, ती थेट लग्नाच्या दिवशी येऊ दे, हळदीला दुसऱ्या गावातल्या एका बाईंच्या धवल्याचं रेकॉर्डिंग आहे, ते स्पीकरवर लावू, असं तो म्हणाला. आईने फोनवर बरं म्हटलं. मग जेवायला बसली आणि भाकरी तशीच ताटात ठेवून उठली. तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी समोर असताना माझी आई ताटावरून उठते, हे मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं.

मी भावाला परत फोन लावला आणि सांगितलं की आईला मी आणते, माझ्या गाडीतून. तो म्हणाला त्यापेक्षा मी एसी गाडी पाठवतो. पण काचा बंद केलेल्या, अत्तराचा वास मारणाऱ्या गाडीत आईला खारघरही येत नाही तोवर उलटी होते, हे त्यालाही ठाऊक आहे. माझ्या गाडीत पुढच्या सीटवर, काच खाली करून, तोंडावर वारा घेत ती गोव्यापर्यंत गेलीय. शेवटी ठरलं असं की हळद चारला लागेल. तोवर आई मांडवात असली तर ती गाईल, नसली तर रेकॉर्डिंग. पाहुण्या बायकांना ताटकळत ठेवता येत नाही. मी म्हटलं, चारच्या आत आणते.

फोन ठेवल्यावर आई खूश होईल असं मला वाटलं होतं. ती बराच वेळ बोटातली अंगठी फिरवत बसली. मग म्हणाली, "दोन वर्सां झाली गो. मदीच इसरले तर?"

मी म्हटलं की विसरणार नाहीस. पण तिने तिची भीती बोलून दाखवली होती आणि मी माझी लपवली होती. कारण सोमवारी सकाळीच मी बॉनेट उघडून पाहिलं होतं आणि कूलंटच्या बाटलीतलं हिरवं पाणी दोन बोटं खाली गेलं होतं.

मंगळवारी ते चार बोटं खाली गेलं. मी पुन्हा भरलं, बुधवारी पुन्हा गेलं. सकाळ-संध्याकाळ ऑफिसला जाऊन येण्यात एवढं पाणी जात असेल तर त्याच उरणच्या रस्त्यावर, कंटेनरच्या ट्रेलरांच्या रांगेत, मे महिन्याच्या दुपारी काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको. कुठेतरी गळत होतं. आणि जे काही गळत होतं ते माझ्याच हातांनी बसवलेलं होतं, हे मला जास्त झोंबत होतं.

गुरुवारी संध्याकाळी गाडीच्या नाकाखाली मला ओल दिसली. हात लावला तर चिकट. नवऱ्याने बोटाला लावून वास घेतला, गोडसर आहे म्हणाला, आणि बोट तोंडाकडे न्यायला लागला. मी त्याच्या हातावर चापट मारली. कूलंट गोडच असतं आणि विषारी असतं, हे मी त्याला तीन रविवार सांगत होते. पण निदान झालं होतं: रेडिएटर फुटलाय. मी समोरची जाळी काढली, पंखा काढला, कूलंट बादलीत काढलं, रेडिएटर उतरवून फरशीवर आडवा ठेवला आणि एकेक पट्टी तपासली. ठणठणीत होता.

आई खुर्चीवरून म्हणाली, "त्या जालीत बघ, मुंग्या लागल्यान."

जाळीत खोबऱ्याचा नखाएवढा तुकडा अडकला होता आणि त्याच्याभोवती मुंग्यांची पंगत बसली होती. रविवारी फोडलेल्या नारळाचं पाणी बंपरच्या आत झिरपलं होतं आणि गाडी हलली की थोडं थोडं खाली ठिबकत होतं. मी देवाचा प्रसाद गळताना पाहून रेडिएटर खोलला होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. मी इतकी चिडले की पाना फरशीवर आपटला. मग आईकडे पाहिलं, तिचे खांदे हलत होते, आणि मलाही हसू आवरेना. नवरा तेवढा गंभीर होता. त्याने जवळजवळ चाखलेलं ते नारळपाणीच होतं, म्हणजे आपलं काही चुकलं नव्हतं, असा त्याचा मुद्दा होता.

शुक्रवारी मी रजा टाकली. रेडिएटर परत बसवला, पाणी भरलं, इंजिन चालू केलं आणि गाडीखाली सरपटत गेले. दहा मिनिटं काही नाही. मग गाडीच्या मधोमध, गिअरबॉक्सच्या खालून एक हिरवा थेंब पडला. मग दुसरा. पण तिथे पाण्याची एकही नळी नाही. थेंब वरून कुठूनतरी निघून, लोखंडावरून वाट काढत, सगळ्यात खालच्या टोकाला येऊन पडत होता. वर बघावं तर इंजिनाची मागची बाजू आणि केबिनची भिंत यांच्यामधे माझा हात कसाबसा जातो, डोकं जात नाही. आरसा घातला, मोबाइलचा कॅमेरा घातला. सगळं आधीच ओलं होतं, मग गळती कुठली आणि ओघळ कुठला हे कळणार कसं? इंजिन बंद करून पुसलं की थेंब थांबायचा. थंड असताना ही गाडी साळसूद होती, तापली की रडायची.

दुपारचे बारा वाजले. मी बॉनेटच्या कडेला कपाळ टेकून उभी राहिले. भावाला फोन करून रेकॉर्डिंग लाव म्हणून सांगायचं, हे माझ्या मनात येऊन गेलं. ते आईला कळलं असावं.

तिने विचारलं की बोट गळायला लागली की तुझा बाप काय करायचा. मला आठवत होतं. पावसाळ्याआधी बोट किनाऱ्यावर ओढली की ते आतून पाणी भरायचे आणि बाहेरून बघायचे. पण बाहेरून बघण्याआधी बायका काहीतरी करायच्या, ते मी विसरले होते. आई म्हणाली, "सुकी राख मारायचो आमी. फलीवर. मंग वल जिथनं सुरू होते ती जागा काली दिसते."

बरोबर होतं. आधी कोरडं करायचं, मग राख उडवायची, आणि ओल कुठे संपते ते नव्हे, कुठे सुरू होते ते बघायचं. अडचण एकच होती. गॅसच्या घरात राख कुठली? मी टाल्कम पावडर शोधली, तर डब्याच्या तळाशी चिमूटभर निघाली. तेवढ्यात नवरा स्वयंपाकघरातून तांदळाच्या पिठाचा डबा घेऊन आला. आमच्या घरात भाकरी तांदळाची, त्यामुळे एक वेळ साखर नसेल पण पीठ पाच किलो असतं. पंधरा वर्षं पिठाच्या डब्याला हात न लावलेल्या माणसाला त्या दिवशी तो अचूक सापडला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

मी इंजिनाची मागची बाजू जुन्या बनियनने पुसून कोरडी केली आणि आईच्या चहाच्या गाळणीतून सगळीकडे पीठ उडवलं. इंजिनाच्या फिरत्या पट्ट्यावर पीठ जाऊ नये म्हणून फडकं लावून ठेवलं होतं, ते आठवणीने काढून घेतलं. गाडी भाकरी थापायच्या परातीसारखी दिसायला लागली. मग इंजिन सुरू केलं.

आईने विचारलं किती वेळ चालू ठेवायची. मी म्हटलं पंख्याचा आवाज येईपर्यंत, पाव तास तरी. घड्याळ तिला लागत नाही. ती म्हणाली, "पाव तास म्हंजे देव बोलावून मांडवात बसवायपरयंत." आणि तिने डोळे मिटून धवला धरला.

सुरुवातीला आवाज अगदी बारीक होता, इंजिनाच्या वर ऐकू येईना. मग तो हळूहळू चढला. गावदेवीला बोलावलं, दर्याला बोलावलं, खंडोबाला बोलावलं. मी पिठाकडे बघायचं सोडून तिच्याकडे बघत राहिले. वाडवडलांच्या नावांशी ती आली आणि अडखळली. तीच ओळ पुन्हा म्हणाली, पुन्हा तिथेच थांबली. तिचे डोळे उघडले आणि त्यांत जे दिसलं ते मला बघवेना. नवऱ्याने टॉर्च खाली केली. मला वाटलं, मी ही गाडी एप्रिलमध्येच विकायला हवी होती.

आणि मग आईने नाक वर केलं. म्हणाली, "भाकर कुनाची जलते?"

खरंच भाकरीचा वास येत होता, तव्यावर पहिल्या भाकरीचा येतो तसा. सायलेन्सरच्या पाइपवर सांडलेलं पीठ भाजत होतं. वरच्या मजल्यावरून कोणीतरी डोकावून आज पार्किंगमध्ये जेवण आहे का म्हणून विचारलं. मी इंजिन बंद केलं, आरसा आत घातला आणि या खेपेला नवऱ्याने टॉर्च नेमकी तिथेच धरली.

सगळीकडे पांढरं, कोरडं पीठ होतं. फक्त एका जागी, हीटरकडे जाणारी रबरी नळी इंजिनाच्या पाइपवर चढते तिथे, क्लिपच्या खाली, बोराएवढा एक गोळा चिकटला होता. गुळगुळीत, चकचकीत, फिकट हिरवा. तापलेलं पाणी आणि तांदळाचं पीठ. मोदकाला काढतात तशी उकड निघाली होती.

मी इतक्या जोरात ओरडले की वॉचमन धावत आला. मी बोटाने तो गोळा काढून आईला दाखवला. तिने तो अंगठ्याने दाबून पाहिला आणि म्हणाली की पानी जरा जास्त झालंय.

इंजिन निवल्यावर क्लिप सैल करून नळी ओढली तर ती हातात आपोआप आली. तिचं टोक फुगून मऊ पडलं होतं, भिजल्या पावासारखं. बोटाला तेलकट लागलं, आणि वास घेतल्यावर मला सगळं कळलं. खोबरेल. तिसऱ्या रविवारी ती नळी पाइपवर चढता चढेना, तेव्हा मी आत जाऊन खोबरेल तेलाची बाटली आणली होती आणि नळीच्या आतून बोट फिरवलं होतं. वडील बोटीच्या नळीला तेच लावायचे. मी लहानपणी तासन्‌तास बघितलं होतं, म्हणून मला त्यात काही चूक असेल असं वाटलंच नाही. पण बोटीच्या त्या नळीतून समुद्राचं गार पाणी जातं. गाडीच्या नळीतून उकळायला आलेलं पाणी दाबाखाली जातं. तेलाने रबर फुगलं, क्लिपच्या खालून सरकलं, आणि पाण्याने वाट काढली.

मला वाईट वाटलं. गळतीचं नाही, वडिलांचं. त्यांची म्हणून जपलेली युक्ती मी कुठे नेऊन लावली होती. मी आईला म्हटलं की बाबांसारखंच केलं गं मी सगळं.

आई म्हणाली, "त्याची नली बी दर पंधरा दिसांनी निसटायची. भर दर्यात. शिव्या द्यायचा नि परत तेलच लावायचा."

मी म्हटलं, हे मला आधी का नाही सांगितलंस? ती म्हणाली की तू विचारलंस कुठे. आणि मग ती हसायला लागली, पार डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. दर्यात वल्ह्यावर बसून इंजिनाला शिव्या घालणारे माझे वडील तिला तिथे दिसत होते. मला ते आजवर कधी न चुकणारे वाटत आले होते. त्या दुपारी ते चुकणारे निघाले आणि मला पहिल्यापेक्षा जास्त आवडले.

पुढचं काम सरळ होतं. नळी लांबीला पुरेशी होती, म्हणून फुगलेलं दोन बोटं टोक कापून टाकलं. पाइप साबणाने धुऊन कोरडा केला. नवं टोक चढवायला तेल नाही, साबणाचं पाणी लावलं, घट्ट बांगडी भरताना हाताला लावतो तसं. साबणाचं पाणी सुकून जातं आणि रबर जागच्या जागी धरून बसतं. पाइपला टोकाशी एक उंचवटा असतो, क्लिप त्याच्या मागे यावी लागते. ती आली हे मी आरशात तीनदा बघितलं आणि नवऱ्याला चौथ्यांदा बघायला लावलं. मग कूलंट भरलं आणि आतली हवा निघावी म्हणून हीटर पूर्ण चालू करून नवऱ्याला आत बसवलं. मे महिन्यात, दुपारी तीन वाजता. त्याने हूं की चूं केलं नाही. लग्नाच्या वेळी त्याने बरीच वचनं दिली होती, त्यातलं हे नव्हतं.

गाडीखाली वर्तमानपत्र अंथरलं. इंजिन सुरू करून मी आईकडे बघितलं, पण गा म्हटलं नाही. तिने आपणच डोळे मिटले. गावदेवी झाली, दर्या झाला, खंडोबा झाला. वाडवडलांशी ती आली. तिने माझ्या वडिलांचं नाव घेतलं आणि ते घेताना तिला पुन्हा हसू फुटलं, हसतहसतच ती पुढे निघून गेली, आजोबा, पणजोबा, आत्या, मावश्या, कोणी राहिलं नाही. इंजिनाचा पंखा सुरू झाला, बंद झाला, पुन्हा सुरू झाला. देव मांडवात बसून किती वेळ झाला तरी ती गातच होती. मी वाकून बघितलं, वर्तमानपत्र कोरडं होतं.

शनिवारी एक वाजता निघालो. आई इस्त्रीचं लुगडं नेसून, अंबाड्यात अबोलीचा वळेसर माळून पुढे बसली, काच पूर्ण खाली. नवरा मागे, मांडीवर पाण्याचा कॅन आणि काखेत कालचं वर्तमानपत्र. गव्हाण फाट्यापुढे ट्रेलरांची रांग लागली ती हलेचना. वर ऊन, दोन्ही बाजूंना कंटेनर, मधे आमची गाडी. नवरा मागून वाकून काट्याचं धावतं वर्णन करायला लागला: निम्म्यावर आहे, निम्म्यावरच आहे, अजून निम्म्यावर आहे. मी त्याला सांगितलं की आता गप्प बसलास तरच हळदीचं जेवण मिळेल. अडीच वाजले, तीन वाजले. काटा निम्म्यावरून हलला नाही. घामाने माझे हात स्टिअरिंगवर सरकत होते. आईने डॅशबोर्डवर दोनदा थोपटलं, गाईला थोपटतात तसं, आणि समोरच्या ट्रेलरच्या चाकांकडे बघत बसली.

चारला दहा मिनिटं असताना आम्ही गावात शिरलो. मांडव दिसला. भाऊ स्पीकरजवळ मोबाइलची वायर जोडून उभा होता, आणि आमच्याकडे बघताच त्याने ती उपटली. आईला दोघींनी धरून आत नेलं. नात पाटावर बसली होती. पोरीने आजीला बघितलं आणि भर मांडवात ती लहान मुलासारखी रडायला लागली. आई तिच्या शेजारी बसली, गुडघे लांब केले, पाणी प्यायली. मांडवात शंभरेक माणसं होती, मागची उठून पुढे सरकली.

तिने धवला धरला. या खेपेला आवाज बारीक नव्हता. बायका मागून धरत गेल्या, हळदीची वाटी फिरायला लागली. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी ते पुसत नव्हते.

मधेच मांडवाच्या दाराशी हालचाल दिसली. माझा नवरा. सगळे आत आलेले असताना हा बाहेर गाडीखाली कागद घालून बसला होता. आता तो दाराशी उभा राहून, सगळ्यांच्या डोक्यांवरून, दोन्ही हातांनी वर्तमानपत्र उंच धरून मला दाखवत होता. पुढून दाखवलं, उलटं करून मागून दाखवलं. एक थेंब नाही. लोकांना वाटलं जावयाला काहीतरी झालंय.

आईने ते बघितलं. ती नात्यातल्यांना मान देत होती, मामाचा झाला होता, काकाचा झाला होता. तिने सूर न मोडता, त्याच चालीत, दोन्ही गालांवर हळद माखलेल्या नातीकडे बघत पुढची ओळ लावली:

लेकीनं माजे गो गाडी खोलली,
भाकरीचे पिठानं वाट दावली,
कागूद सुका जावयाचे हाती,
हलद लावा गो नवरीचे माथी.

मागून धरणाऱ्या बायकांना त्यातलं काही कळलं नाही, पण धवलारीण जे म्हणते ते म्हणायचं असतं, म्हणून त्यांनीही तसंच म्हटलं. पन्नास जणींनी माझ्या भाकरीच्या पिठाला मान दिला. भावाने हे सगळं मोबाइलवर रेकॉर्ड केलं, आणि पुढच्या लग्नात हेच रेकॉर्डिंग लावू म्हणाला. आई म्हणाली की पुढच्या लग्नाला मी येणार आहे, गाडी हाय.